कोळशात राख असते का?

वणी परिसरातल्या कोळशाच्या प्रयोगशाळेत ज्यांनी उमर घालवली, त्यांना एक ग्रॅमची किंमत कळते. बारीक कुटून चाळलेला एक ग्रॅम कोळसा १०८ अंशांवर ठेवला की ओलावा समजतो. दुसरा एक ग्रॅम झाकणबंद मुशीत ९०० अंशांवर बरोबर सात मिनिटं ठेवला की बाष्पद्रव्य समजतं. तिसरा उघड्या बशीत ८१५ अंशांवर पुरता जाळायचा, डेसिकेटरमध्ये गार करायचा आणि मागं उरलं ते तोलायचं. ती राख. भारतीय मानकात लिहिलेली ही रीत आहे. सातची साडेसात मिनिटं केलेली चालत नाहीत. उकणी, घोन्सा, निलजईचा कोळसा कोणत्या प्रतीचा, हे कितीतरी वर्षं अशाच आकड्यांवर ठरत असे.

या लेखातले मामा अशाच एका प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांची भाची यवतमाळला शिकली, आता मुंबईत युरेनियम आणि थोरियमच्या ऑक्साइडांवर क्ष-किरण टाकून त्यांतल्या इलेक्ट्रॉनांची रचना अभ्यासते. दोघंही कुण्या एका घरातली खरी माणसं नव्हेत, संवादासाठी उभी केलेली आहेत. त्यांच्यातला वाद मात्र खरा आणि फार जुना आहे. पदार्थ समजून घ्यायचा तर तो जाळून, विरघळवून, तोलून समजून घ्यावा, की जसाच्या तसा ठेवून त्याच्या इलेक्ट्रॉनांनाच विचारावं?

मामांनी सुरुवातच तिखट केली. "तुमचं ते यंत्र कोट्यवधीचं. आमच्याकडे मूस, भट्टी अन् तराजू. तरी आमचा आकडा दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत जुळते. मग कोळशाचं जे तोलून भागते, ते युरेनियमचं काहून भागत नाही?"

"युरेनियमवाल्यांनीही तोलूनच काढली की इतकी वर्षं, मामा. आणि सुरुवातीलाच फसले. १७८९ साली बर्लिनच्या क्लाप्रोथनं पिचब्लेंड नावाच्या खनिजातून काळी, चमकदार भुकटी काढली. नवा धातू सापडला म्हणून त्याला युरेनियम नाव दिलं. ती भुकटी धातू नव्हतीच, ते युरेनियमचं ऑक्साइड होतं. १८४१ साली पॅरिसच्या पेलिगोनं ते दाखवून दिलं. बावन्न वर्षं जग ऑक्साइडालाच धातू समजत होतं."

"अन् त्या पेलिगोला ते समजलं कसं?"

भाचीला हे कबूल करणं भाग होतं. पेलिगोला समजलं ते तोलूनच. त्यानं त्या 'धातू'पासून क्लोराइड बनवलं, त्याचं पृथक्करण केलं, तेव्हा घटकांच्या वजनांचा हिशेब शंभराच्या वर जाऊ लागला. जास्तीचं वजन कुठून येतं, याचा माग काढताना त्याला लपलेला ऑक्सिजन सापडला.

"मग तराजूनं केलेली चूक तराजूनंच दुरुस्त केली नं," मामा म्हणाले.

पहिली बाजी मामांची. पण पुढचं उदाहरण असं आहे की तिथं तराजू अडतो, आणि तो का अडतो हे कळलं की अॅक्टिनाइड, म्हणजे युरेनियम-थोरियमच्या ओळीतल्या मूलद्रव्यांच्या, ऑक्साइडांवर क्ष-किरण टाकण्यात जगभरातली माणसं आयुष्य का घालवतात तेही कळतं.

युरेनियम डायऑक्साइड हे अणुभट्ट्यांचं नेहमीचं इंधन. गडद तपकिरी-काळ्या रंगाच्या, बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या असतात. त्या हवेत तापवल्या की आणखी ऑक्सिजन घेतात आणि त्यांचं यू३ओ८ होतं. तीन युरेनियमला आठ ऑक्सिजन. हे ऑक्साइड हवेत टिकतं आणि त्याचं वजन भरवशाचं असतं, म्हणून युरेनियम तोलायचं ते यू३ओ८च्या रूपात, असा शिरस्ता पडला. खाणीतल्या खनिजाचा कस यू३ओ८च्या टक्क्यांत सांगतात, बाजारातला भावही त्याच्याच वजनावर बोलतात. इतकं हाताळलेलं, इतकं तोललेलं दुसरं युरेनियमचं संयुग नसेल.

"आता हिशेब करा," भाची म्हणाली. "आठ ऑक्सिजन, प्रत्येकाला दोन इलेक्ट्रॉन हवेत. झाले सोळा. ते तीन युरेनियमनी मिळून द्यायचे. सरासरी पडली ५.३३. पण ती सरासरी झाली. प्रत्यक्षात कुणी किती दिले? एकानं चार आणि दोघांनी सहा-सहा दिले तर सोळा होतात. दोघांनी पाच-पाच आणि एकानं सहा दिले तरी सोळाच होतात. दोन्ही वस्तूंचं वजन एक, रासायनिक सूत्र एक, सरासरी एक. आता तोलून सांगा कोणती खरी."

मामांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. "तोलून नाही सांगता येणार. पण आम्लात विरघळव अन् टायट्रेशन कर. चार इलेक्ट्रॉन दिलेलं युरेनियम किती अन् सहावालं किती, निघून येईल."

"केलं होतं. उत्तर आलं, एक चारवाला आणि दोन सहावाले. पुस्तकांत तेच छापलं गेलं, पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी तेच शिकले."

"मग झालं."

"नाही झालं. पाच इलेक्ट्रॉन दिलेलं युरेनियम आम्लाच्या पाण्यात टिकत नाही, मामा. असे दोन अणू एकमेकांत देवघेव करतात. एक इलेक्ट्रॉन परत घेऊन चारवाला होतो, दुसरा आणखी एक देऊन सहावाला होतो. म्हणजे तुमच्या घन पदार्थात पाच, पाच, सहा असे असले तरी विरघळल्यावर बाटलीत सापडणार चार, सहा, सहा. टायट्रेशन अगदी अचूक. पण ते ज्याचं झालं तो पदार्थ तुम्ही बाटलीत बनवलेला होता."

मामा गप्प झाले. मग भाचीनं विचारलं, "कोळशात राख असते का, मामा?"

हा प्रश्न कोळशाच्या धंद्यातल्या माणसालाच विचारावा. बाहेरचा माणूस 'हो' म्हणेल. मामा म्हणाले, "नसते. कोळशात माती असते, चुनखडी असते, लोखंड-गंधकाचं माक्षिक असते. जाळलं की मातीच्या कणांतलं पाणी जाते, चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड उडते, माक्षिकाचं लोखंडाचं ऑक्साइड होते. जे उरते ती राख. म्हणून आम्ही राखेच्या आकड्याला १.१ नं गुणतो, तेव्हा कुठं मूळचं खनिजद्रव्य किती त्याचा अंदाज येते. राख आम्हीच बनवतो."

एवढं बोलल्यावर भाचीला आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही.

तरी प्रश्न उरतोच. न जाळता, न विरघळवता विचारायचं कसं? इथं अॅक्टिनाइडांचा स्वभाव थोडा समजून घ्यावा लागतो. थोरियम, युरेनियम, नेप्च्युनियम, प्लुटोनियम या ओळीतल्या मूलद्रव्यांचं सगळं वैशिष्ट्य त्यांच्या ५एफ नावाच्या कवचात आहे. ऑक्साइडात थोरियम आपले चारही बाहेरचे इलेक्ट्रॉन देऊन बसतो, त्याच्या ५एफमध्ये काही उरत नाही. युरेनियम डायऑक्साइडात दोन उरतात, नेप्च्युनियमच्या डायऑक्साइडात तीन, प्लुटोनियमच्या चार. हे उरलेले इलेक्ट्रॉन आपापल्या अणूपाशी घट्ट बसतात की शेजारच्या ऑक्सिजनशी वाटून घेतले जातात, त्यावर पदार्थाचा रंग, चुंबकत्व, वीज वाहू देण्याची ताकद, गंजण्याची तऱ्हा असं पुष्कळ काही ठरतं. थोरियमचं ऑक्साइड पांढरंशुभ्र असतं. युरेनियमचं काळपट, प्लुटोनियमचं हिरवट. स्फटिकाची ठेवण मात्र तिघांची एकच.

क्ष-किरणांनी विचारायची रीत अशी. अणूच्या अगदी आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उचलून बाहेरच्या रिकाम्या जागेत न्यायला ठरावीक ऊर्जा लागते. ती ऊर्जा मूलद्रव्यागणिक वेगळी असल्यानं नमुन्यात इतर पन्नास गोष्टी असल्या तरी प्रश्न फक्त युरेनियमलाच जातो. आणि अणूनं किती इलेक्ट्रॉन गमावले आहेत त्याप्रमाणे ही ऊर्जा किंचित सरकते. युरेनियमच्या बाबतीत जुना, सोयीचा दरवाजा १७.१७ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचा, त्याला एल३ कड म्हणतात. पण त्या दरवाजातून इलेक्ट्रॉन पोचतो ६डी कवचात. खरी भानगड ५एफमध्ये आहे, तिथं थेट पोचायचं तर ३.७३ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टची एम४ कड गाठावी लागते. शिवाय एल३ला आणखी एक अडचण आहे. आत पडलेली पोकळी इतकी अल्पायुषी असते की तिची ऊर्जा सात-आठ इलेक्ट्रॉन व्होल्टांत पसरते, आणि आपल्याला ओळखायचा फरक असतो जेमतेम एक-दोन व्होल्टांचा.

"मग दिसणार काय त्या धुक्यात?" मामांनी बरोबर विचारलं.

"धुकं कमी करायची युक्ती आहे. पोकळी भरताना अणू स्वतः क्ष-किरण सोडतो. त्यातली एकच नेमकी ऊर्जा वेचून घ्यायची आणि फक्त तिच्यावर नजर ठेवून शोषण मोजायचं. मग रेषा एका व्होल्टाच्या आसपास तीक्ष्ण होतात. वेचायचं काम करतात वाकवलेले स्फटिक. सिलिकॉनच्या पातळ चकत्या, गोलाकार वाकवलेल्या."

वाकवलेल्या स्फटिकांचा हा धागा विदर्भाशी जुळतो, आणि तो इथं सांगितलाच पाहिजे. १९३२ साली पॅरिसमध्ये इव्हेत कोशवा या तरुण संशोधिकेनं वाकवलेल्या स्फटिकातून क्ष-किरण पार नेऊन त्यांचा वर्णपट घेणारं उपकरण तयार केलं. तिच्या नावानं ती रचना आजही ओळखली जाते. याच कोशवाबाईंनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीतल्या फ्रास्काती इथं सिंक्रोट्रॉनच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवणाऱ्या यंत्राच्या, क्ष-किरणांवर पहिले प्रयोग केले. आणि याच परंपरेतलं क्ष-किरण वर्णपटशास्त्र नागपूर विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात प्रा. चिंतामणी मांडे यांनी रुजवलं, वाढवलं. १९८२ साली पर्गमॉन प्रेसनं 'अॅडव्हान्सेस इन एक्स-रे स्पेक्ट्रोस्कोपी' हा ग्रंथ काढला, कोशवाबाईंच्या सन्मानार्थ. त्याचे संपादक दोन: पॅरिसच्या क्रिस्टियान बोनेल आणि नागपूरचे मांडे. बोनेलबाई तर युरेनियम आणि त्याच्या ऑक्साइडांच्या वर्णपटांवर काम करणाऱ्यांतल्या अग्रणी. अमरावती विद्यापीठ १९८३ साली झालं. तोवर यवतमाळ-वणीची महाविद्यालयं नागपूर विद्यापीठालाच जोडलेली होती. म्हणजे मामांच्या पिढीचा बी.एस्सी.चा दाखला ज्या विद्यापीठाचा, तिथंच हा विषय नांदत होता. इथल्या किती विद्यार्थ्यांना तो कुणी सांगितला असेल, याची खंत वाटते.

त्या काळी स्फटिक अभ्रकाचा, प्रकाश साध्या क्ष-किरण नळीचा, आणि वर्णपट उमटायचा फोटोच्या फिल्मवर. तासन् तास फिल्म उघडी ठेवायची, मग तिचा काळेपणा सूक्ष्ममापकाखाली मोजायचा. आज तेच काम फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर काही मिनिटांत होतं. तिथंच क्रिस्टिना क्वाश्निना, सर्गेई बुटोरिन आणि सहकाऱ्यांनी एम४ कडेवर युरेनियमची ऑक्साइडं तपासली आणि २०१३ साली 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये निकाल छापला. यू३ओ८मध्ये पाचवाले आणि सहावाले सापडले. चारवाल्याचा माग नाही. डायऑक्साइड आणि यू३ओ८ यांच्या मधलं यू४ओ९ घेतलं, तर त्यात चारवाले आणि पाचवाले. ज्या पाचवाल्याला पुस्तकांनी दुर्मिळ पाहुणा मानलं होतं, तो मधल्या सगळ्या वाटेवर घरच्यासारखा बसलेला निघाला.

मामा हार मानणारे नव्हेत, आणि मानूही नये. "तू म्हणते आम्ही जाळून बदल करतो. अन् तुमचा एक्स-रे? इतका प्रखर किरण एका ठिपक्यावर मारून राहिले, त्यानं काहीच होत नाही?"

"होतं. विशेषतः ओल्या नमुन्यात किरणांच्या माऱ्यानं सहावाला युरेनियम इलेक्ट्रॉन परत घेऊ शकतो. म्हणून एकाच जागी पुन्हा पुन्हा मोजून वर्णपट सरकतो का ते पाहायचं, नमुना हलवत राहायचा, गरज पडली तर द्रव नायट्रोजननं गार ठेवायचा."

"अन् पाचवाले किती, सहावाले किती, हे कसं काढता?"

"ओळखीच्या नमुन्यांचे वर्णपट घेऊन त्यांची बेरीज जुळवायची. त्यात काही टक्क्यांची चूक राहते."

"आमच्यात एवढी चूक निघाली तर मेमो मिळत होता." मामा पुढं सरसावले. "अन् तुमची गणितं? तूच मागं सांगत होती, गणितानं युरेनियम डायऑक्साइडाला धातू ठरवलं होतं म्हणून."

ही गोष्ट खरी आहे आणि ती भाचीच्या बाजूची दुखरी नस आहे. घन पदार्थांतल्या इलेक्ट्रॉनांचं नेहमीचं गणित ५एफ कवच अर्धवट भरलेलं पाहतं आणि म्हणतं, इलेक्ट्रॉन इकडून तिकडं मोकळे फिरतील, हा धातू आहे. प्रत्यक्षात युरेनियम डायऑक्साइड विद्युतरोधक, दोनएक इलेक्ट्रॉन व्होल्टांची दरी असलेला. कारण एका अणूवर बसलेले दोन ५एफ इलेक्ट्रॉन तिसऱ्याला फिरकू देत नाहीत, इतकं त्यांचं आपसांतलं प्रतिकर्षण मोठं. १९८०मध्ये बेअर आणि शोनेस यांनी क्ष-किरणांनी इलेक्ट्रॉन बाहेर काढून आणि उलट आत घालून ते प्रतिकर्षण मोजलं, साडेचार इलेक्ट्रॉन व्होल्टांच्या आसपास निघालं. तो आकडा गणितात घातला तेव्हा गणित ताळ्यावर आलं.

"म्हणजे आकडा बाहेरून टाकला," मामा म्हणाले.

"मोजून टाकला. पण बाहेरूनच, हे खरं. प्लुटोनियमच्या ऑक्साइडात तर ५एफ आणि ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन ऊर्जेनं इतके जवळ येतात की कोण कुणाचं, यावर अजून वाद चालू आहेत. ते वाद मिटले असते तर मला काम उरलं नसतं."

मामांच्या आक्षेपांत दम आहे. क्ष-किरण वर्णपट काही आपोआप बोलत नाही. त्याला ओळखीचे नमुने लागतात, गणित लागतं. आणि यू३ओ८मधले पाचवाले-सहावाले दोनास एक या प्रमाणात आहेत, हे पक्कं करायला सरासरी ५.३३ हवीच, ती तराजूचीच देणगी. पण अणू-अणूची स्थिती काय, हा प्रश्न असेल तिथं विरघळवून मिळालेलं उत्तर घेऊ नये. या मुद्द्यावर भाची बरोबर आहे, आणि तिथं तडजोडीला जागा नाही.

विषय गॅसबत्तीवर आला तो मामांमुळे. लग्नाच्या वरातीत, कीर्तनात, रात्रभर चालणाऱ्या दंडारीत जी गॅसबत्ती टांगलेली असायची, तिच्या मॅन्टलमध्ये थोरियम असतं असं त्यांनी ऐकलं होतं. खरंच असायचं. थोरियम नायट्रेटात भिजवून वाळवलेली ती मऊ जाळीदार पिशवी नळीच्या तोंडाला दोऱ्यानं बांधायची, पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जायचं आणि मागं पिशवीच्याच आकाराचा पांढरा सांगाडा उरायचा. बोट लागलं, किडा आदळला की चुरा. तो सांगाडा म्हणजे थोरियम ऑक्साइड, ९९ भाग. आणि एक भाग सिरियम ऑक्साइड. हे प्रमाण व्हिएन्नाच्या आउअर फॉन वेल्सबाखनं १८९१मध्ये पक्कं केलं. आपल्याकडे १९५५ साली मुंबईत तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, थोरियमचा कारखाना निघाला. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतलं थोरियम तिथं शुद्ध व्हायचं, आणि त्याच्या नायट्रेटाचा मोठा गिऱ्हाईक होता मॅन्टलचा धंदा. अणुभट्टीच्या कितीतरी आधी अॅक्टिनाइडाचं ऑक्साइड यवतमाळच्या खेड्यापाड्यांत उजेड देत होतं.

"पण एक टक्का सिरियम काहून?" मामांमधला प्रयोगशाळेतला माणूस जागा झाला.

"नुसतं थोरियम ऑक्साइड ज्योतीत धरलं तर फारसं उजळत नाही. त्याच्या ५एफमध्ये इलेक्ट्रॉन नाहीत, आणि भरलेल्या-रिकाम्या पातळ्यांमध्ये सहाएक इलेक्ट्रॉन व्होल्टांची दरी आहे. दिसणारा प्रकाश दोन-तीन व्होल्टांचा. तो त्याला शोषता येत नाही, म्हणून पांढरं दिसतं. आणि जो पदार्थ जो रंग शोषत नाही, तो तापवला तरी तो रंग नीट सोडत नाही. सिरियमच्या ४एफ पातळ्या त्या दरीत मधली पायरी देतात. एकच टक्का, कारण जास्त घातलं की मॅन्टलची उष्णता वाया जाते आणि उजेड उतरतो."

थोरियमच्या रिकाम्या ५एफची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती बत्तीपेक्षा मोठी आहे. थोरियमनं चार इलेक्ट्रॉन दिले की त्याच्याकडे द्यायला काही उरत नाही. हवा, पाणी, पाऊस काय वाटेल ते करो, तो चारवरच थांबतो आणि चारवालं थोरियम पाण्यात जवळपास उतरतच नाही. म्हणून ते वाळूत लाखो वर्षं पडून राहतं. युरेनियमकडे मात्र दोन शिल्लक असतात. ऑक्सिजन मिळाला की तो तेही देतो, सहावाला होतो, दोन ऑक्सिजन अंगाशी घेऊन युरेनिल बनतो, आणि कार्बोनेटाच्या पाण्यात सहज वाहून जातो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३.३ मायक्रोग्रॅम युरेनियम असतं; थोरियम त्याच्या हजारो पटींनी कमी. उलट वाहतं युरेनियम कुजलेल्या वनस्पतींच्या थरात, जिथं ऑक्सिजन नाही तिथं शिरलं, की इलेक्ट्रॉन परत घेऊन चारवाला होतं आणि तिथंच अडकतं. जगातल्या सगळ्या कोळशात थोडं युरेनियम असतं, त्याच्या एका भागाचं कारण हे आहे.

"म्हणजे राखेत आणखी," मामा लगेच म्हणाले. बरोबर. कोळसा जळून पस्तीस टक्के राख उरली, तर ज्या मूलद्रव्याची वाफ होत नाही त्याचं प्रमाण राखेत जवळजवळ तिप्पट होतं. प्रमाण अगदी सूक्ष्म असतं, दशलक्ष भागांत काही भाग. पण औष्णिक केंद्रांच्या राखेचे डोंगर सूक्ष्म नसतात. तिथून पाण्यात काय उतरेल, हे एकूण किती आहे यावर ठरत नाही. कोणत्या रूपात आहे, यावर ठरतं.

इथं मामांचा सूर बदलला. "पाण्याचं निघालं म्हणून सांगतो. पांढरकवड्याकडे जा, झरी-जामणीकडे जा. फ्लोराइडच्या पाण्यानं लोकांचे दात पिवळे पडले, हाडं आखडली. तिथं तुमच्या किरणाचा काय उपयोग? एक चांगली नळयोजना पाहिजे, अन् ती चालू राहिली पाहिजे. पैसा तिथं लागला पाहिजे."

भाचीनं वाद घातला नाही. फ्लोराइडासाठी सिंक्रोट्रॉन लागत नाही. मर्यादा ठाऊक आहे, लिटरला दीड मिलिग्रॅम. मोजण्याची साधनं जिल्ह्यात आहेत. दूषित हातपंप बंद करून दुसरं पाणी देणं हाच उपाय आहे आणि तो प्रशासनाचा आहे. त्याबाबत मामांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मात्र दुसऱ्या प्रांतांत दुसरं विष आहे. पंजाब, हरियाणा, राजस्थानात भूजलातलं युरेनियम जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला ३० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्या वर कितीतरी ठिकाणी गेलेलं आहे. तिथं खडकातलं चारवालं युरेनियम सहावालं कशानं होतं, पाण्याची पातळी खोल गेल्यानं की खतांतल्या नायट्रेटानं, हा प्रश्न इलेक्ट्रॉनांचाच आहे.

अणुइंधनाचं तर विचारायलाच नको. १९७२ साली ट्रॉम्बेला सुरू झालेल्या पूर्णिमा अणुभट्टीचं इंधन प्लुटोनियम ऑक्साइड होतं. तारापूरच्या कारखान्यात युरेनियम-प्लुटोनियमच्या मिश्र ऑक्साइडाचं इंधन बनलं आणि १९९०च्या दशकात ते तारापूरच्याच भट्टीत वापरून पाहिलं गेलं. अशा इंधनाच्या नळीला भेग पडून हवा आत गेली, की डायऑक्साइडाचं यू३ओ८ होऊ लागतं आणि आकारमान सुमारे ३६ टक्क्यांनी फुगतं. गोळी भुकटी होते, भेग आणखी फाटते. वापरलेलं इंधन दशकानुदशकं सांभाळायचं असेल, तर मधल्या यू४ओ९वर गाडी किती वेळ थांबते आणि तिथून पुढं कशी सरकते, हे ठाऊक असावं लागतं. त्या हिशेबात चारवाले-सहावाले धरायचे की चारवाले-पाचवाले, यानं फरक पडतो. थोरियम ऑक्साइडाला हा धोकाच नाही; त्याची खोड वेगळी. ते इतकं हट्टी की नुसत्या नायट्रिक आम्लात विरघळत नाही, त्यात थोडं हायड्रोफ्लोरिक आम्ल घालावं लागतं.

"हे सगळं पाहायला तू फ्रान्सला जाते?" मामांनी शेवटी विचारलं.

"इंदूरला जाते."

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हे आपलं सिंक्रोट्रॉन आहे. १७२.५ मीटर परिघाचं वर्तुळ, त्यात २.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टांचे इलेक्ट्रॉन फिरतात आणि वळताना क्ष-किरण सोडतात. भाभा अणुसंशोधन केंद्रानं तिथं क्ष-किरण शोषणाच्या दोन किरणवाहिन्या उभारल्या आहेत. त्यांतल्या क्रमांक ९च्या वाहिनीचा पल्ला ४ ते २५ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टांचा. थोरियमची १६.३०ची, युरेनियमची १७.१७ची आणि प्लुटोनियमची १८.०६ची एल३ कड या पल्ल्यात आरामात बसते. ३.७३ची एम४ कड मात्र जराशीच खाली राहते. ५एफला थेट विचारणारी वाहिनी आपल्या देशात आणखी सक्षमपणे उभी राहिली पाहिजे, हे भाचीचं म्हणणं मामांनाही पटलं. थोरियमवर सारी भिस्त ठेवू पाहणाऱ्या देशाला ते शोभेल.

इंडस-२वर काम करायला मुंबई-दिल्लीच्याच संस्थेतलं असावं लागत नाही. विद्यापीठांतले आणि महाविद्यालयांतले संशोधक प्रस्ताव पाठवून तिथं वेळ मागू शकतात. यवतमाळ, वणी, पुसदच्या शिक्षकांनी तो मागावा. युरेनियमच हवं असंही नाही. विदर्भाच्या काळ्या मातीत जस्त असूनही पिकाला ते पुरत नाही, ही इथल्या शेतकऱ्याची जुनी तक्रार आहे. पिकाला मिळू शकेल असं जस्त किती, हे माती परीक्षण प्रयोगशाळा सांगेल. बाकीचं कुठल्या रूपात अडकलं आहे, हे माती न विरघळवता क्ष-किरणांनी विचारता येतं. जस्ताची कड ९.६६ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टांवर येते, आणि नऊ नंबरच्या वाहिनीचा पल्ला ४ ते २५ हजारांचा आहे.